शिक्षा भोगून झाल्यानंतर : मायकेल व्हिक प्रकरणाचा अभ्यास

अभ्यासाचा विषय

प्राण्यांशी क्रौर्य केल्याचा गुन्हा सिद्ध झालेल्या नामवंत व्यक्तीची कारकीर्द तिथेच संपावी का, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा दोनच टोकांना जाते. एका टोकाला संताप असतो, दुसऱ्या टोकाला ‘कायद्याने शिक्षा दिली, आता आणखी काय हवे’ असा युक्तिवाद. प्रत्यक्षात कारकीर्द संपवण्याचा किंवा चालू ठेवण्याचा निर्णय कोणी एक जण घेत नाही. न्यायालय, व्यावसायिक संघटना, मालक, जाहिरातदार आणि प्रेक्षक यांच्या हाती त्याचा एकेक तुकडा असतो आणि प्रत्येकाची नजर दुसरा काय करतो याकडे लागलेली असते. हे कसे घडते याचे बारकाईने पाहता येईल असे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील फुटबॉलपटू (चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू) मायकेल व्हिक याचे २००७ ते २०११ या काळातील प्रकरण. न्यायालयीन नोंदींमुळे त्याचे तपशील सार्वजनिक आहेत आणि मुख्य पात्रे सार्वजनिक जीवनातील आहेत, त्यामुळे त्यांची नावे लपवण्यात अर्थ नाही. सहआरोपी व नातेवाइकांची नावे मात्र येथे दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

व्हिक व्हर्जिनिया राज्यातला. २००१ साली नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजे या खेळाच्या अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक स्पर्धेच्या, खेळाडू निवडीत त्याची सर्वांत पहिली निवड झाली आणि तो अटलांटा फाल्कन्स संघात गेला. क्वार्टरबॅक म्हणजे संघाच्या आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू. त्याने चेंडू फेकावा आणि धावण्याचे काम इतरांनी करावे अशी रीत असताना व्हिक स्वतः चेंडू घेऊन धावत असे. २००६ च्या मोसमात त्याने हजार यार्डांहून अधिक अंतर धावून काढले. त्याआधी कोणत्याही क्वार्टरबॅकला एका मोसमात हे साधलेले नव्हते. २००४ च्या अखेरीस फाल्कन्सने त्याच्याशी दहा वर्षांसाठी १३ कोटी डॉलरचा करार केला होता. शिवाय नायकीचा जाहिरात करार होता, त्याच्या नावाचे बूट बाजारात होते आणि लहान मुलांच्या पाठीवर त्याच्या क्रमांकाच्या जर्सी दिसत होत्या.

व्हर्जिनियातील सरी परगण्यात त्याने २००१ मध्ये सुमारे १५ एकर जागा घेतली होती. २५ एप्रिल २००७ रोजी पोलिसांनी तिथे झडती घेतली, ती कुत्र्यांसाठी नव्हे. त्याच्या एका नातेवाइकाला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली होती आणि त्याने पत्ता म्हणून ही जागा सांगितली होती. अधिकाऱ्यांना तिथे ६६ कुत्रे सापडले आणि त्यांत बहुसंख्य पिट बुल जातीचे होते. घराच्या मागे काळ्या रंगाने रंगवलेल्या शेड होत्या. मोटारींच्या जमिनीत गाडलेल्या आसांना कुत्रे साखळ्यांनी बांधलेले होते. साखळ्यांची लांबी अशी की एक कुत्रा दुसऱ्याला पाहू शकेल, पण त्याच्यापर्यंत पोहोचू शकणार नाही. कुत्र्यांना पळवण्यासाठी ट्रेडमिल होत्या, घट्ट आवळलेला जबडा उघडण्याचे साधन होते आणि रक्ताचे डाग पडलेला गालिचा होता. ही कुत्र्यांच्या झुंजींची तयारी होती आणि ती अनेक वर्षे चाललेली होती.

योगायोग असा की लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी खेळाडूंच्या वैयक्तिक वर्तनाविषयीचे धोरण याच महिन्याच्या सुरुवातीला कडक केले होते. झडतीनंतर आठच दिवसांनी, ३ मे २००७ रोजी, प्राण्यांच्या झुंजींना संघीय पातळीवर गंभीर गुन्ह्याचा दर्जा देणारा कायदाही अमलात आला. म्हणजे व्हिक प्रकरण कायदा आणि लीग या दोघांच्याही बदलत्या भूमिकेच्या ऐन तोंडावर आले.

समस्या

झडतीनंतर लगेचच न्यूयॉर्कमध्ये आयुक्त आणि व्हिक यांची भेट झाली. आपला या प्रकाराशी संबंध नाही, असे व्हिकने त्यांना सांगितले. फाल्कन्सचे मालक आर्थर ब्लँक यांनाही त्याने तेच सांगितले. घर आपले असले तरी तिथे नातेवाईक राहतात आणि त्यांनी आपल्या विश्वासाचा गैरफायदा घेतला, अशी त्याची जाहीर भूमिका होती. जुलैमध्ये संघीय आरोपपत्र दाखल झाले तेव्हाही त्याने निर्दोष असल्याचे सांगितले. मग एकेक सहआरोपी गुन्हा कबूल करून सरकारी पक्षाला सहकार्य करू लागला आणि २७ ऑगस्ट २००७ रोजी व्हिकनेही कटाचा गुन्हा कबूल केला. झुंजींचा पैसा प्रामुख्याने त्याचाच होता आणि झुंजीत कमी पडलेल्या सहा ते आठ कुत्र्यांना फाशी देऊन वा पाण्यात बुडवून मारण्यास त्याची संमती होती, असे त्या कबुलीशी जोडलेल्या निवेदनात नमूद होते.

येथे दोन गुन्हे वेगळे काढावे लागतात, कारण पुढचे सगळे निर्णय त्यांची सरमिसळ करत गेले. पहिला गुन्हा प्राण्यांविरुद्धचा. तो रागाच्या भरात घडलेला नव्हता; त्यात पैसा, नियोजन आणि पुनरावृत्ती होती. दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला त्यांच्याशी केलेला खोटेपणा. लीग व संघमालक खोटेपणाने दुखावले होते, तर बाहेर निदर्शने करणारे लोक कुत्र्यांसाठी आले होते. ‘त्याला परत घ्यावे का’ या प्रश्नाचे उत्तर यांतले कोणते दुखणे मुख्य मानायचे यावर ठरते, आणि ते कोणीच स्पष्ट ठरवले नाही.

पहिला टप्पा : तातडीची कारवाई

कबुलीच्या तीन दिवस आधी, कबुलीचा मसुदा जाहीर होताच, लीगने व्हिकला अनिश्चित काळासाठी निलंबित केले. नायकीने आधी स्थगित ठेवलेला करार त्याच दिवशी रद्द केला. त्याच्या नावाच्या वस्तू दुकानांतून निघाल्या. फाल्कन्सने मात्र त्याला लगेच मुक्त केले नाही. आधी दिलेल्या बोनसपैकी किती रक्कम परत मिळवता येईल यावर वाद झाला. लवादाने संघाच्या बाजूने कौल दिला, पण पुढे न्यायालयाने त्यातली मोठी रक्कम व्हिककडेच राहू दिली. अखेर संघाने जून २००९ मध्ये त्याला मुक्त केले.

जाहिरातदाराने करार निलंबनाच्याच दिवशी रद्द केला आणि संघाला जवळपास दोन वर्षे लागली, याचे कारण नीतिमत्तेत नाही, करारात आहे. जाहिरात कराराची रचनाच प्रतिमेभोवती असते; प्रतिमा गेली की कराराचा विषयच उरत नाही. खेळाडूच्या करारात कामगार हक्क, खेळाडू संघटनेचा करार आणि वेतन मर्यादा या सगळ्यांची गुंतागुंत असते. त्यामुळे ‘नायकीने हिंमत दाखवली आणि संघाने कच खाल्ली’ हे तेव्हाचे लोकप्रिय मत फार टिकाऊ नाही. चार वर्षांनी नायकी काय करणार होती, तेही पुढे येईलच.

दुसरा टप्पा : कुत्र्यांचे काय करायचे

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय व्हिकविषयी नव्हताच, असे माझे मत आहे. तोपर्यंत झुंजीतून जप्त केलेल्या कुत्र्यांचे भवितव्य ठरलेले असे. ते पुरावा म्हणून कोंडून ठेवले जात आणि खटला संपला की मारले जात. या वेळीही तोच सल्ला मिळाला, आणि तो देणाऱ्यांत प्राण्यांसाठी काम करणाऱ्या दोन मोठ्या संस्था होत्या. ह्यूमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्सच्या प्रमुखांनी आणि ‘पेटा’नेही हे कुत्रे मारून टाकणेच योग्य, असे मत दिले होते. त्यामागचा विचार असा की झुंजीसाठी घडवलेला प्राणी माणसांत वा इतर कुत्र्यांत सुरक्षितपणे राहू शकत नाही, आणि निवाऱ्यांमधल्या मर्यादित जागा व पैसा सौम्य स्वभावाच्या कुत्र्यांसाठी वापरावा.

सरकारी वकिलांनी दुसरा मार्ग धरला. ‘एएसपीसीए’ या प्राणीसंरक्षण संस्थेच्या वर्तनतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली एका पथकाने जप्त केलेल्यांपैकी ४९ कुत्र्यांची एकेक करून तपासणी केली. कुत्रा खात असताना काठीच्या टोकाला लावलेला नकली हात त्याच्या भांड्यापाशी नेला जाई, लहान मुलाच्या आकाराची बाहुली जवळ आणली जाई, दुसरा कुत्रा समोर आणला जाई. तपासणाऱ्यांची अपेक्षा हल्ल्याची होती. पुष्कळ कुत्रे हल्ला करण्याऐवजी पोट जमिनीला घट्ट चिकटवून, पाय पसरून, डोळे मिटून निपचित पडून राहिले. त्यांच्यात क्रौर्यापेक्षा भीती अधिक भरलेली होती. स्वभाव अतिशय आक्रमक असल्यामुळे एकच कुत्रा मारावा लागला आणि आणखी एक आजारपणामुळे. न्यायालयाने प्राणी कायद्याच्या एका प्राध्यापिकेची कुत्र्यांची पालक म्हणून नेमणूक केली आणि उरलेले ४७ कुत्रे आठ संस्थांकडे सोपवले. त्यांतले २२ युटा राज्यातील बेस्ट फ्रेंड्स या प्राणीसंस्थेच्या आश्रमात गेले आणि सुमारे दहा कॅलिफोर्नियातील बॅड रॅप या गटाकडे. पुढे अनेक कुत्रे घरांत रुळले, काही रुग्णालयांत जाऊन आजाऱ्यांना सोबत करण्याच्या कामाला लागले.

हे शक्य झाले ते पैशामुळे. कबुली करारानुसार कुत्र्यांच्या देखभालीसाठी व्हिकला सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर भरावे लागले. नुकसानभरपाई हा शब्द आपण सहसा माणसांसाठी वापरतो. येथे ती थेट ज्या प्राण्यांवर अन्याय झाला त्यांच्या नावे खर्च झाली. कारकीर्द संपवा अशी मागणी करणाऱ्या मोर्चांनी एकाही कुत्र्याच्या आयुष्यात फरक पडला नाही, या एका कलमाने पडला. मोर्चे निरर्थक होते असे यातून निघत नाही. लोकांचा दबाव नसता तर सरकारी पक्षाने इतकी चिकाटी धरली असती का, ही शंका रास्त आहे.

तिसरा टप्पा : शिक्षा

सरकारी पक्षाची मूळ शिफारस १२ ते १८ महिन्यांच्या तुरुंगवासाची होती. डिसेंबर २००७ मध्ये न्यायाधीश हेन्री हडसन यांनी २३ महिन्यांची शिक्षा दिली, जी त्या मर्यादेच्या वर होती. कारणे दोन. जामिनावर असताना व्हिकच्या चाचणीत गांजा आढळला होता. आणि कुत्रे मारण्यातील आपल्या प्रत्यक्ष सहभागाविषयी तो तपास अधिकाऱ्यांशी सुरुवातीला पुरते खरे बोलला नव्हता. त्याने जबाबदारी पूर्णपणे स्वीकारली आहे असे न्यायाधीशांना वाटले नाही. सहआरोपींपैकी दोघांना अनुक्रमे १८ आणि २१ महिने मिळाले; सर्वांत आधी सहकार्य करणाऱ्याला फक्त दोन महिने. म्हणजे नामवंत असल्यामुळे व्हिकला सूट मिळाली नाही, उलट सर्वाधिक शिक्षा त्यालाच झाली. राज्याच्या न्यायालयात झुंजींविषयीचा वेगळा गुन्हा त्याने २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कबूल केला आणि तिथली तीन वर्षांची शिक्षा स्थगित झाली.

तुरुंगात असतानाच, जुलै २००८ मध्ये, त्याने दिवाळखोरी जाहीर केली. या तपशिलाकडे नीतिचर्चेत फारसे लक्ष जात नाही, पण त्याची कारकीर्द कायमची संपली असती तर त्याचे धनकोही बुडाले असते. पुढे फुटबॉलच्या कमाईतूनच त्याने कोट्यवधी डॉलरची बहुतेक देणी फेडली.

चौथा टप्पा : पुनःप्रवेशाचा निर्णय

मे २००९ मध्ये तो कॅन्ससमधील लेव्हनवर्थ तुरुंगातून गृहबंदीत आला आणि २० जुलैला शिक्षा पूर्ण झाली. आता आयुक्तांपुढे तीन वाटा होत्या. पहिली, आजीवन बंदी. दुसरी, शिक्षा संपली म्हणून विनाअट प्रवेश. तिसरी, टप्प्याटप्प्याने आणि अटींवर प्रवेश.

आजीवन बंदीच्या बाजूचा युक्तिवाद हलका नव्हता. व्यावसायिक खेळ हा हक्क नाही, ती एक संधी आहे. हजारो गुणी मुलांना ती मिळत नाही. जो माणूस वर्षानुवर्षे क्रौर्याला पैसा पुरवतो आणि पकडला गेल्यावर खोटे बोलतो, त्याला मुलांसमोर आदर्श म्हणून उभे करण्याचे कोणतेही बंधन लीगवर नाही. वकील, डॉक्टर, शिक्षक यांचे परवाने अशा गुन्ह्यानंतर धोक्यात येतातच, मग खेळाडूला वेगळा न्याय का? यात एक अडचण आहे. वकिलाचा वा शिक्षकाचा परवाना जातो तो त्याच्या कामाचा गुन्ह्याशी संबंध असल्यामुळे, कारण त्याच्या हाती दुर्बलांचा विश्वास असतो. चेंडू फेकण्याचा कुत्र्यांशी असा संबंध नाही. खेळाडूच्या बाबतीत काम आणि गौरव एकत्र बांधलेले असतात, आणि खरा आक्षेप गौरवाला असतो.

विरुद्ध बाजूला तुलनेचा मुद्दा होता आणि तो बोचरा होता. त्याच वर्षी मद्याच्या अमलाखाली गाडी चालवून एका पादचाऱ्याचा जीव घेतलेल्या दुसऱ्या एका खेळाडूला ३० दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली होती, आणि ऑगस्ट २००९ मध्ये लीगने त्याला एक मोसम निलंबित केले. माणसाच्या मृत्यूला एक मोसम आणि कुत्र्यांच्या मृत्यूला आजन्म बंदी, हा हिशेब जुळवणे कठीण होते. कृष्णवर्णीय खेळाडूविषयीचा संताप नेहमीपेक्षा तीव्र का आहे, हाही प्रश्न अमेरिकेत उघडपणे विचारला गेला. तरी ही तुलना एका जागी थांबते. अपघातात हेतू नसतो. सरी परगण्यातल्या त्या शेडमध्ये हेतू होता. पहिल्या प्रकरणात शिक्षा कमी पडली असेल, तर त्यावरून दुसरी शिक्षा जास्त झाली असे सिद्ध होत नाही.

गुडेल यांनी तिसरी वाट धरली. २७ जुलै रोजी सशर्त प्रवेश जाहीर झाला. व्हिकला सराव करता येईल, सराव सामन्यांतील शेवटच्या दोनमध्ये खेळता येईल आणि पूर्ण प्रवेशाचा विचार मोसमाच्या सहाव्या आठवड्यापर्यंत होईल. मार्गदर्शक म्हणून माजी प्रशिक्षक टोनी डंजी यांनी जबाबदारी घेतली. पुढे सप्टेंबरच्या सुरुवातीला आयुक्तांनी ही मुदत तिसऱ्या आठवड्यापर्यंत अलीकडे आणली.

या निर्णयाची रचना चांगली होती. त्यातला आशय मात्र तोकडा होता. अटी वर्तनाविषयी होत्या, संगतीविषयी होत्या, मार्गदर्शकाविषयी होत्या. परंतु ज्या दोन गोष्टींमुळे हे प्रकरण उभे राहिले, म्हणजे प्राण्यांचे नुकसान आणि खोटे बोलणे, त्यांच्याशी थेट निगडित असे मोजता येईल असे काहीच मागितले गेले नाही. आपण नेमके काय केले याचे संपूर्ण कथन, लीगपुढे आणि स्वतःच्या तोंडून, ही अट सहज घालता आली असती. न्यायाधीशांनी ज्या उणिवेसाठी शिक्षा वाढवली ती उणीव लीगने भरून घेतली नाही.

पाचवा टप्पा : संघ आणि संस्था

१३ ऑगस्ट २००९ रोजी फिलाडेल्फिया ईगल्सने व्हिकशी एक वर्षाचा करार केला. पहिल्या वर्षाचे मानधन सुमारे १६ लाख डॉलर होते आणि दुसरे वर्ष संघाच्या मर्जीवर होते. मालक जेफ्री लुरी यांनी हा निर्णय आपल्याला जड गेल्याचे उघडपणे सांगितले. करार छोटा ठेवणे हा या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा व्यावहारिक निर्णय होता. तो फसला असता तर संघाला वर्षभरात बाहेर पडता आले असते आणि व्हिकलाही आपण तात्पुरत्या जागेवर उभे आहोत याची जाणीव राहिली असती.

ह्यूमेन सोसायटीचा निर्णय त्याहून अवघड होता. झुंजींचा प्रकार शहरांतल्या ज्या तरुणांमध्ये रुजलेला होता, त्यांनी प्राणीसंस्थेच्या पत्रकाकडे ढुंकूनही पाहिले नसते. व्हिकचे ऐकले असते. संस्थेच्या प्रमुखांनी तुरुंगात त्याची भेट घेतली आणि सुटकेनंतर शाळांत व वस्त्यांत झुंजींविरुद्ध बोलण्याचे काम त्याला दिले. ‘एएसपीसीए’ने मात्र त्याच्यासोबत काम करण्यास नकार दिला. एकाच उद्दिष्टाच्या दोन संस्थांचे असे विरुद्ध निर्णय पाहिले की कोण चुकले असे विचारण्याचा मोह होतो. मला दोन्ही निर्णय समजण्यासारखे वाटतात. एकीने पुढच्या कुत्र्यांचा विचार केला, दुसरीने आपल्या देणगीदारांच्या विश्वासाचा. ज्या संस्थेने त्याच्या कुत्र्यांना मारण्याचा सल्ला दिला होता तिनेच त्याला व्यासपीठ दिले, यातली विसंगती मात्र कुत्रे सांभाळणाऱ्या लहान गटांना लागली, आणि ती लागणे स्वाभाविक होते.

परिणाम

२०१० च्या मोसमात ईगल्सचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक जखमी झाला आणि व्हिकला संधी मिळाली. त्या मोसमाअखेर तो लीगमधला सर्वोत्तम पुनरागमन करणारा खेळाडू ठरला. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी लुरी यांना फोन करून दुसरी संधी दिल्याबद्दल त्यांची प्रशंसा केली, आणि त्यावरून पुन्हा वादळ उठले. जुलै २०११ मध्ये नायकीने त्याच्याशी नव्याने करार केला. ऑगस्टमध्ये ईगल्सने सहा वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार दिला. त्याच उन्हाळ्यात तो वॉशिंग्टनमध्ये प्राण्यांच्या झुंजी पाहायला जाणेही गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकाच्या समर्थनार्थ उभा राहिला. २०१४ मध्ये ती तरतूद कायद्यात आली. २०१७ मध्ये तो निवृत्त झाला आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये नॉरफोक स्टेट विद्यापीठाने त्याला फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक नेमले.

दोन वर्षांत जाहिरातदार परतले ते पश्चात्ताप तपासून नव्हे, गुणफलक पाहून. २०१० मध्ये तो सामान्य खेळला असता तर दुसऱ्या संधीवरचे हे सगळे गोड बोलणे झालेच नसते आणि त्याची कारकीर्द गाजावाजा न होता संपली असती. मग ‘नामवंतांची कारकीर्द संपावी का’ या प्रश्नाचे व्यवहारातले उत्तर असे निघते की बाजाराला जोवर त्यांची गरज आहे तोवर ती संपत नाही. या उत्तराने कुणाचेही समाधान होऊ नये, आजीवन बंदी मागणाऱ्यांचे नाही आणि पुनर्वसनावर विश्वास असणाऱ्यांचेही नाही, कारण यात गुन्ह्याचे वजन कुठेच धरलेले नाही.

काय वेगळे करता आले असते

लीगने अटी २००७ मध्येच लिहून ठेवायला हव्या होत्या. ‘अनिश्चित काळ’ हे निलंबन कडक वाटते, पण प्रत्यक्षात त्यामुळे सगळी सत्ता दोन वर्षांनंतरच्या एका माणसाच्या अंदाजावर गेली, आणि तोवर मोसम तोंडावर आलेला होता. निलंबनाच्या दिवशीच परतीसाठी काय लागेल हे जाहीर झाले असते (पूर्ण कबुली, भरपाई, ठरावीक काळ, स्वतंत्र तपासणी) तर २००९ चा निर्णय व्यक्तीवर कमी आणि कसोटीवर अधिक अवलंबून राहिला असता.

दुसरे, काम आणि गौरव यांची फारकत करता आली असती. त्याला खेळू द्यावे, या निष्कर्षावर मी शेवटी येतो. शिक्षा भोगलेल्या माणसाला त्याला येणाऱ्या एकमेव कामापासून कायमचे तोडण्याचे पुरेसे कारण मला दिसत नाही. परंतु त्याच्या नावाच्या जर्सीची विक्री, लीगच्या जाहिरातींतला चेहरा, संघाचे कर्णधारपद या गोष्टी कामाचा भाग नाहीत. काही वर्षे त्या रोखून ठेवल्या असत्या, किंवा त्यांतले त्याचे उत्पन्न प्राण्यांच्या निवाऱ्यांकडे वळवले असते, तर त्याच्या पोटावर पाय आला नसता आणि ज्या प्रसिद्धीच्या बळावर तो परतला तिची थोडी किंमत त्याने मोजली असती.

तिसरे, भरपाईला शेपूट हवे होते. ९ लाख २८ हजार डॉलर ही एकदाच भरलेली रक्कम होती. जप्त झालेल्यांपैकी काही कुत्रे त्यानंतर दहा वर्षांहून अधिक जगले, त्यांच्या भीतीवर आणि दुखण्यांवर सतत उपचार करावे लागले, आणि २०११ मध्ये १० कोटींचा करार झाला तेव्हा त्यांच्यातले पुष्कळ हयात होते. त्यांचा पुढचा खर्च देणगीदारांवर पडला. नव्या उत्पन्नाशी जोडलेला एक छोटा हिस्सा कबुली करारातच ठेवता आला असता.

राहिला प्राणी पाळण्यावरील बंदीचा मुद्दा. शिक्षेनंतरच्या न्यायालयीन देखरेखीच्या तीन वर्षांत व्हिकला कुत्रा पाळण्यास मनाई होती; ती मुदत २०१२ मध्ये संपली आणि त्याच वर्षी त्याच्या घरात कुत्रा असल्याचे उघड झाले. मुलांसाठी तो आणल्याचे त्याने सांगितले आणि कायद्याने त्यात काही गैर नव्हते. तुलनेसाठी ब्रिटनमधले २०२२ चे प्रकरण पाहावे. वेस्ट हॅम संघाचा फुटबॉलपटू कर्ट झुमा याने घरातल्या मांजराला लाथ मारल्याची चित्रफीत बाहेर आली. ती प्रसिद्ध झाली त्याच आठवड्यात संघाने त्याला मैदानात उतरवले, नंतर दोन आठवड्यांचे वेतन दंड म्हणून कापले. आदिदासने करार संपवला. आणि न्यायालयाने १८० तासांची समाजसेवा व मांजरे पाळण्यावर पाच वर्षांची बंदी अशी शिक्षा दिली. मांजराला लाथ मारण्याला पाच वर्षे आणि कुत्र्यांच्या झुंजीच्या संपूर्ण व्यवसायाला तीन, हे प्रमाण उलटे आहे. व्हिकच्या बाबतीत कारकिर्दीवरील बंदी किती काळाची असावी यावर देशभर वाद झाला. प्राणी पाळण्यावरील बंदी वीस वर्षांची वा आजन्म असावी, ही मागणी त्या वादात फारशी ऐकू आली नाही. वास्तविक तिच्यामुळे ना कोणाचा रोजगार बुडाला असता, ना कोणत्या संघाचे नुकसान झाले असते.